अण्णांचा फर्मा सापडला

डोंबिवली (पूर्व)
१८ ऑगस्ट

प्रिय वश्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर हे सांगता आलं नसतं. फोनवर तू दर दोन वाक्यांनी "काय?" म्हणतोस आणि शेवटी वहिनींच्या हातात फोन देतोस. म्हणून कागद घेऊन बसलोय. माझी तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात आहे, शोभाची पाठ अधूनमधून धरते. झालं तब्येतीचं.

तुझ्या अण्णांचा फर्मा सापडला. कंदिलाच्या जाळीचा, आठ पाकळ्यांचा, ज्यावरून पेन्सिल फिरवून ते कार्ड कापायचे तो. चाळ रिकामी करताना तू "गेला तो रद्दीत" म्हणून मोकळा झाला होतास आणि त्यावरून आपण जिन्यात उभ्या उभ्या केवढे भांडलो होतो! रद्दीत नव्हता गेला. आईच्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात दोन पंचांगांच्या मधे सपाट पडून होता, एक कोपरासुद्धा दुमडला नव्हता. आणि वश्या, उजेडात धरला तर तुझा हात दिसतो त्यात. अण्णांनी फर्मा एक्स-रेच्या फिल्मवर कापला होता हे मला आठवत होतं, पण कुणाचा एक्स-रे ते विसरलो होतो. गच्चीच्या कठड्यावरून पडलास तेव्हाचा तुझा डावा हात! खालच्या दोन पाकळ्यांच्या आरपार हाड गेलंय, मोडलेली जागासुद्धा दिसते.

आता खरं सांगायचं ते. मुग्धानं मागच्या वर्षी कागद कापायचं मशीन घेतलं. सिलुएटचं कॅमिओ, बारा इंच रुंदीचं. ती लग्नाची आमंत्रणं, रुखवताच्या चौकटी, बारशाच्या पाट्या असलं काही काही करते. रिटायर झाल्यापासून ते मशीन माझ्याच ताब्यात असतं. तुला वाटेल डाय म्हणजे अण्णांच्या प्रेसमध्ये होती तशी: लाकडी ठोकळ्यात बसवलेल्या पोलादी पट्ट्या आणि ट्रेडल मशीनवर धाडधाड पंचिंग. तसलं काही नाही. यात डायच नसते. चिकट मॅटवर कागद लावायचा, मॅट रोलरमध्ये सरकवायची. पातं डावी-उजवीकडं धावतं, मॅट पुढं-मागं होते, आणि त्या दोन हालचालींतून हवी ती वळणं निघतात. सुरू होण्याआधी पातं जागच्या जागी टक-टक आपटून आपली खोली लावून घेतं, एक ते दहा. तो आवाज आला की शोभा टीव्ही मोठा करते.

डाय नाही, हीच तर मोठी सोय. ट्रेडलवर एक डाय बनवायची तर हजार-दोन हजार नग निघाल्याशिवाय तिचा खर्च सुटायचा नाही, म्हणून तर अण्णांना कंदिलाची डाय कधी परवडली नाही. इथं एक नग काढा की पन्नास काढा, फाइल तीच.

आणि पन्नासच काढायचेत. आमच्या सोसायटीनं या दिवाळीला प्रत्येक मजल्यावर कागदाचेच कंदील लावायचे ठरवलंय. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून गणपतीचं मखर पुठ्ठ्याचं असतंच, आता कंदीलही प्लॅस्टिकचे नकोत म्हणतात. मीटिंगमध्ये मी अण्णांच्या घडीच्या कंदिलाचं सांगितलं. कामट्या नाहीत, तारा नाहीत, नुसतं कार्ड, आणि दिवाळी झाली की मिटवून पुस्तकासारखा कपाटात. बाइंडरचा कंदील तो. सगळ्यांना आवडला. एका कंदिलाला चार बाजूंच्या चार जाळ्या, म्हणजे दोनशे जाळ्या. हातानं कापायच्या तर तू आणि मी अजून सोळा वर्षांचे असायला हवे होतो.

मग फर्मा स्कॅन करायला घेतला. मोबाइलवर फोटो काढून चालत नाही. जरा तिरका आला की चौकोनाचा चौकोन राहत नाही. आठ इंची फर्मा ए-फोर स्कॅनरच्या काचेवर जेमतेम मावतो, तो मावला. पण स्क्रीनवर पाकळ्यांच्या रेघा उमटल्या त्याच्याबरोबर तुझ्या हाडाची कड पण उमटली! मशीनला काय, काळ्याला पांढरं भिडलं की तिथं रेघ. तुझं मनगट कापून कंदिलाला लावायची तयारी होती त्याची. मुग्धा हसून हसून खाली बसली. शेवटी फर्मा पांढऱ्या कागदावर ठेवून मी आतून टोकदार पेन्सिल फिरवली, आकार काळ्या शाईनं भरले आणि तो कागद स्कॅन केला. मग मुग्धानं इंकस्केप नावाच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा साफ केल्या. एकेका वळणावर शेकडो बिंदू येतात आणि ते तसेच ठेवले तर पातं थरथरत जातं. ते कमी करायचे, पण वळण बिघडू द्यायचं नाही. या मशीनच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथली एसव्हीजी फाइल उघडत नाही, म्हणून ती डीएक्सएफ प्रकारची करून पाठवायची. एवढं पुरे, तुला यातलं काही करायचं नाहीये.

पण इथंच अडलंय माझं. मुग्धा म्हणाली, "बाबा, आठ पाकळ्या आहेत तर एकच नीट करते आणि पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांनी फिरवून आठ करते. पाच मिनिटांचं काम." केलंनही. मग ती आखीव पाकळी तिनं अण्णांच्या पाकळ्यांवर एकेक करून ठेवली, आणि एकही जुळेना. एकही नाही, वश्या! आठच्या आठ वेगळ्या. प्रत्येकीचं पोट जरा डावीकडं झुकलेलं, ते समजू शकतो, अण्णा डावरे. पण वरच्या तीन पाकळ्या बाकीच्यांपेक्षा उंच आहेत. आणि पाकळ्यांच्या मधल्या ज्या कागदाच्या पट्ट्या, अण्णा ज्यांना पूल म्हणायचे, त्या वरच्या बाजूला दोन मिलिमीटरच्या आहेत आणि खाली तीन, एक तर साडेतीन. मी फूटपट्टी लावून, भिंग धरून मोजल्या.

आधी वाटलं हाताचं काम आहे, व्हायचंच. मग वरच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीनं ओरखडलेलं "वर" दिसलं. आठवतं? त्या "वर"पायी किती मार खाल्लाय आपण! तू जाळी उलटी चिकटवायचास आणि अण्णा विचारायला लागले की माझ्याकडं बघायचास. (हे तू अजून कबूल केलेलं नाहीस. तुझ्या लग्नात, पंगतीत, तुझ्या सासऱ्यांसमोर विचारलं होतं मी, तरी नाही.) गोल नक्षी, आठ सारख्या पाकळ्या, वर काय आणि खाली काय, असं आपण म्हणायचो. पण त्या कंदिलाला सांगाडाच नव्हता. झिरमिळ्यांचा सगळा भार खालच्या कडेवर, आणि खालची कड कशाच्या जिवावर? त्या पुलांच्या. म्हणून मी दोन्ही कापून बघितल्या, मुग्धाची आखीव जाळी आणि अण्णांची, एकाच कार्डावर, २२० जीएसएमच्या. झिरमिळ्या लावून पंख्याखाली टांगल्या. सकाळी आखीव जाळीचे खालचे दोन पूल फाटलेले, अण्णांची जशीच्या तशी.

म्हणजे ते ठरवून केलेलं होतं! आपल्याला कुणी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. आणि वरच्या पाकळ्या उंच का, तर मला वाटतं आपण कंदील बघायचो चौकातून, मान वर करून. खालून बघताना वरचं आखूड दिसतं, म्हणून त्यांनी ते वाढवलं. असेल? का तिथं नुसता हात सैल सुटला? हे मला ठरवता येत नाही, आणि ज्याला विचारावं असा तुझ्याशिवाय कुणी उरला नाही. तू त्यांच्या डाव्या बाजूला बसायचास, पातं कसं जातंय ते तुला दिसायचं. मी समोर, खळ ढवळत.

खळीवरून आठवलं. तू म्हणायचास फेविकॉलनं अर्ध्या वेळात होईल, आणि मी म्हणायचो मोरचूद घातलेली खळच पाहिजे, अण्णा करतात तशी. आता कबूल करतो की जिलेटीन कागद चिकटवायला फेविकॉलच बरा. कार्डाला मात्र खळच. खळीनं कार्ड ताठ राहतं. अर्धा खटला तू जिंकलास.

आता त्या पाचव्या पाकळीचं ऐक. खरा पेच तिच्यात आहे. तिच्या टोकाला एक कापलेली खाच आहे, पाव इंचभर आत गेलेली. पातं सुटलं असणार. वरून चिकटपट्टी लावलीय, पिवळी पडून कडक झालेली. ही चूकच आहे, यात वाद नाही. मुग्धा म्हणाली, "ही तरी काढते." मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. कारण मला अण्णांच्या एकाही कंदिलावर ती खाच आठवत नाही. फर्म्यावर आहे, कंदिलावर कधीच नव्हती. चार कार्डं एकावर एक ठेवून टाचण्या मारायचे, फर्मा ठेवून पेन्सिल फिरवायचे, आणि हॅक्सॉच्या ब्लेडची घासलेली सुरी घेऊन कापायला लागले की पेन्सिलीकडं कुठं बघायचे ते? खाचेपाशी आले की हात आपोआप सरळ जायचा. दर वेळी. म्हणजे फर्मा ही नुसती खूण होती रे. जाळी त्यांच्या हातात होती.

हे मशीन मात्र फर्म्यात आहे तेच कापणार. खाच ठेवली तर दोनशे वेळा खाच, केसाचाही फरक न करता. मग मला पुढचा प्रश्न छळतो. खाच जर हातानं दर वेळी सुधारली जात होती, तर आणखी काय काय सुधारलं जात होतं? डावीकडं झुकलेली पोटं त्यांना हवी होती, का तीही ते कापताना सावरून घ्यायचे? मी फर्म्यातलं सगळं जसंच्या तसं घेतलं, तर ती अण्णांची जाळी होईल का? त्यांनी स्वतःसुद्धा असली जाळी कधी कापली नाही. आणि मुग्धाची आखीव घेतली तर ती त्यांची नाहीच, शिवाय फाटते.

शोभा म्हणते, "अहो, लोक कंदील बघतात, पूल मोजत नाहीत." तिचं बरोबर आहे. पण मला माहीत आहे ना. आणि तुला माहीत असेल.

एक आणखी आहे. आमच्या सोसायटीतल्या एकानं मुग्धाकडं फाइलच मागितली, पैसे देऊन. फाइल एकदा गेली की गेली. ज्याच्याकडं मशीन आहे तो कुठंही कापेल, आणि अण्णांचं नाव तिच्यावर नसेल. मी नाही म्हटलं. कंदील हवे तेवढे करून देतो, फाइल वसंताला विचारल्याशिवाय देणार नाही, असं सांगितलं. अण्णांची वस्तू, तू त्यांचा मुलगा. तू दे म्हणालास तर देईन, नको म्हणालास तर माझ्या कॉम्प्युटरच्या बाहेर जाणार नाही.

कागदाचंही विचारायचं होतं, पण ते बहुतेक ठरलं. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद आणला होता, शिवाजीनगरचा. १९४० सालची संस्था ती, अण्णा तिथल्या कागदाचं नाव काढलं की आवाज खाली आणायचे. काय सुंदर कागद आहे! दिव्यावर धरला तर आतले धागे दिसतात. पण मशीनला तो झेपत नाही. या मशीनचं पातं मोटर वळवत नाही. त्याचं टोक मध्यापासून किंचित बाजूला असतं, म्हणून ओढलं की हॉस्पिटलातल्या ट्रॉलीच्या चाकासारखं आपोआप दिशेनं वळतं. वळणावर ठीक, पण पाकळीच्या टोकाशी त्याला जागच्या जागी फिरावं लागतं आणि तिथं कापसाचे धागे उचलले जातात, टोकाला लव येते. वेग कमी केला, दोनदा फिरवलं, तरी येतेच. अण्णा टोकापासून बाहेर कापत जायचे, दोन्ही बाजू टोकापासून सुरू करून, टोकाकडं कधी नाही. ते त्याचसाठी, हे आता कळलं. मशीनला सांगता येतं की कोपऱ्यावर रेघ जरा पुढं जाऊ दे, त्यानं कार्डाचे कोपरे स्वच्छ सुटतात. तेव्हा जाळीला कार्ड, आणि हातकागद वरच्या टोपीला, तिथं सरळ रेघाच आहेत.

घड्या मात्र मी हातानंच पाडणार. मशीन घडीच्या जागी तुटक तुटक कापतं, म्हणजे दुमडायला सोपं. पण दिवा लावला की घडीच्या रेघेत ओळीनं ठिपके उजळतात, बघवत नाही. अण्णांची हाडाची पट्टी माझ्याकडं आहे. (तू मला दिली होतीस, "नेली" होती असं म्हणू नकोस पुन्हा.)

सोसायटीला खाली "शुभ दीपावली"ची पट्टी पण हवीय. त्यात एक गंमत झाली. मला वाटलं आपल्या अक्षरांसारखी सोय नाही, शिरोरेषा सगळा शब्द धरून ठेवते, एका तुकड्यात निघेल. निघालं काय? सहा सुटे तुकडे! टाइप केलेल्या प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते, शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली. डोळ्याला अखंड दिसते, पातं मात्र प्रत्येक सांध्यावर आडवं जातं. अक्षरांचे आकार करून सगळे एकमेकांत विरघळवावे लागतात, मगच शब्द एकसंध सुटतो. मुग्धानं करून दिलं. कुणीतरी "मंगलमय" पण घाला म्हणत होतं. त्याला म्हटलं अनुस्वार कुठं टांगू, तेवढं सांगा. तुझी आठवण आली. चाळीच्या फलकावर तू गणेशोत्सवाचं स्टेन्सिल कापलं होतंस, त्यातली "व"ची आणि "प"ची पोटं गळून पडली होती आणि तू म्हणालास हीच नवी लिपी. अण्णांनी रात्री बसून प्रत्येक पोटाला पूल घालून दिला होता. पूल घालण्यात त्या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता.

तर काम असं आहे. तुझ्या बडोद्याच्या घरी माळ्यावर अण्णांचा एक मिटलेला कंदील असणार. तू नोकरीला निघालास तेव्हा त्यांनी तुझ्या ट्रंकेत ठेवला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी स्टेशनवर ट्रंक उचलली होती म्हणून मला माहीत आहे. तू "आहे कुठंतरी" म्हणशील. शोध. नितीनला वर चढव, तू चढू नकोस. सापडला की जोर लावून उघडू नकोस. कार्ड जुनं झालंय, घडीवर तुटेल. एक बाजू सपाट होईल तेवढीच उघड, खाली पांढरा कागद घाल, शेजारी फूटपट्टी ठेव आणि नितीनला अगदी वरून, सरळ फोटो काढायला सांग. तिरका नको. चारही जाळ्यांचे वेगळे फोटो. मला बघायचंय की चारही सारख्या आहेत का. चारीमध्ये पोटं डावीकडं झुकलेली असतील तर ती त्यांना हवी होती, ठेवीन. दर जाळीत वेगळी असतील तर मुग्धाला सांगून मधलं वळण काढू. खालचे रुंद पूल आणि उंच पाकळ्या राहणार, हे मी ठरवलंय, त्यात तुझा सल्ला नको. खाच काढायची, तीही ठरली. बाकीचं कंदील बघून.

आणि तो सापडला नाही तर डोळे मिटून बस आणि आठव. तेवढं तू करू शकतोस. तू अभ्यासात दगड होतास, पण हातांचं तुला सगळं लक्षात राहायचं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन लांबवू नका म्हणावं, शोभाच्या बहिणीचं झालं, ती आता जिने चढते. नितीनच्या मुलीचं दहावीचं वर्ष ना? तिला माझा आशीर्वाद. तिथं पाऊस कसा आहे, विश्वामित्रीला पूर येतो म्हणतात, जपून राहा.

गणपती झाले की कापायला बसणार आहे, त्याआधी फोटो हवेत. कार्ड पंधरा दिवस आधी आणावं लागेल, मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटला जाऊन. त्या रंगाचं डोंबिवलीत मिळत नाही. पहिला कंदील तुला पाठवतो. पार्सलमध्ये झिरमिळ्या वेगळ्या ठेवीन, त्या खळीनंच चिकटव.

तुझा,
दिन्या